टेंभऱ्यांच्या पायाचे परमिट

"पोलादाचा कारखाना उभारणे म्हणजे राष्ट्राच्या नसांत नवे रक्त भरणे होय." हे वाक्य आमच्या कंपनीच्या पत्रिकेत पहिल्या पानावर चौकटीत छापले होते. खाली मेजरसाहेबांचे नाव होते. टाइप मी केले होते, आणि शेवटचा 'होय' माझ्या पदरचा होता. ज्या माणसाबद्दल मी लिहितो आहे त्याला ते वाक्य वाचून दाखवले तेव्हा तो केळे सोलत होता. त्याने केळे संपवले, साल खिडकीबाहेर बकरीला टाकले आणि म्हणाला, "नसेत कावून भरून राहिला बे? नसेतलं रक्त वापस येऊन राहिलेलं असते. भरायचं तं धमनीत भर. सांग तुह्या साहेबाले, नाही तं राष्ट्र मरन."

हे डॉक्टर बळीराम भोंडेकर.

साठच्या दशकातली मधली वर्षे. भिलाईचा कारखाना एकीकडे चालत होता आणि दुसरीकडे अजून बांधला जात होता. आमची कंपनी ठेकेदार; वाफेच्या आणि गॅसच्या नळ्या टाकण्याची कामे घेई. सेक्टर दहाच्या पलीकडे मुरमाच्या माळावर पत्र्याच्या दोन लांब बराकी होत्या, तो कंपनीचा दवाखाना. चाळीस खाटा, ऑपरेशनची एक खोली, एक टाइपरायटर. टाइपरायटरमागे मी. आता ती कंपनी बुडाली, बराकी उठल्या, मुरूमसुद्धा कोणीतरी नेला. त्यामुळे मोकळेपणाने लिहायला हरकत नाही.

दवाखान्याचे सुपरिंटेंडेंट म्हणजे मेजरसाहेब. फौजेतून निवृत्त झालेले, पुण्याकडचे, डॉक्टर नव्हेत. त्यांना शिस्त आवडे, आणि शिस्त म्हणजे ज्या गोष्टी रांगेत उभ्या करता येतात त्या, अशी त्यांची समजूत होती. भोंडेकर रांगेत उभे राहणाऱ्यांपैकी नव्हते. ठेंगणे, रुंद, तुमसरकडच्या एका खेड्यातले. बोटे इतकी जाड की नवा रोगी ती पाहून देवाचे नाव घेई. घंटी नसलेल्या सायकलवरून येत आणि समोर माणूस आला की "हो बाजू" असे ओरडत. मेजरसाहेबांशी, मुख्य इंजिनिअरशी, झाडूवाल्याशी एकाच नागपुरी बोलीत बोलत. मेजरसाहेबांनी एकदा सुचवले, "डॉक्टर, वरिष्ठांशी जरा प्रमाण भाषेत बोलावं." डॉक्टर म्हणाले, "मी बोलतो न. रोगी मेला तं प्रमाणपत्र लिहितो, तवा प्रमाण भाषाच असते."

दवाखान्यात ते केळ्याशिवाय काही खात नसत. कारण विचारले तर म्हणत, देवाने कागदात बांधून पाठवलेले हे एकच जेवण आहे. हात धुवायला त्यांना दहा मिनिटे लागत. समोर टेबलावर गजराचे घड्याळ ठेवून धूत. त्या दहा मिनिटांत कोणी आले, कोणी मेले, कोणी ओरडले, तरी नळ बंद होत नसे. मुख्य इंजिनिअर एकदा एका पाहुण्याला ऑपरेशनची खोली दाखवायला बूट घालून आत शिरले. डॉक्टरांनी दोघांना बूट काढायला लावले आणि फाटक्या मोज्यांनिशी थंड फरशीवर उभे केले. त्यानंतर पाहुणे यायचे कमी झाले. तेच हवे होते.

शाळेत त्यांना पाणी वरून, ओंजळीत घालत असत, एवढे त्यांनी मला एकदाच सांगितले होते, तेही घड्याळाकडे पाहत, हात धुता धुता. पुढचे वाक्य असे होते: "सोवळं माणसात नसते रे टाइपबाबू. सोवळं क्रमात असते. पहिले साफ जागा, मंग घाण जागा. बस्स. हे ज्याले समजलं तो सर्जन. बाकीचे पुजारी."

पट्टी सोडली की ते ती नाकाशी नेत आणि डोळे मिटत. "डोया खोटं बोलते, थर्मामीटर बी खोटं बोलते. नाक नाही बोलत." नव्या नर्सला हे पाहून मळमळे. महिनाभराने तीही पट्टी नाकाशी नेऊ लागे.

आणि खिडकीत त्यांचे पाहुणे होते. लोणच्याच्या काचेच्या बरण्यांत, औषधाच्या पाण्यात, माणसांच्या अंगातून काढलेल्या वस्तू: लोखंडाची कपची, वेल्डिंगच्या कांडीचा तुकडा, एका सुताराच्या तळहातातला अर्धा खिळा. जे अंगाचे नाही ते सगळे त्यांच्या लेखी पाहुणे. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. मजकूर ते सांगत, टाइप मी करी. वृक्षारोपणाच्या समारंभात मेजरसाहेबांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. साहेब तीन आठवडे "काही नाही, मुरगळलं आहे" म्हणत लंगडले. शेवटी भोंडेकरांनी काटा काढला. चिठ्ठी अशी होती: "बाभूळ. मुक्काम एकवीस दिवस. यजमानांना कल्पना नव्हती." ती बरणी त्यांनी रांगेत सगळ्यांत पुढे ठेवली.

आता टेंभरे.

दादूराम टेंभरे हे आमच्या कंपनीचे पाइप फिटर. गोंदियाकडचे, मूळचे धानाची शेती करणारे घर. ते स्वतः पंधरा वर्षे नळ्या जोडत होते. चाळीस फुटांवर चढून नळ्यांच्या जोडाच्या चकत्या, म्हणजे फ्लँज, आवळणारा माणूस. वर असताना पत्र्याची कड जांघेत घुसली. जखम भरली, पण आत धमनीला फुगा आला. कंपनीने त्यांना एका मोठ्या शहरात पाठवले. तिथल्या मोठ्या सर्जननी फुगा काढला आणि मध्ये विणलेल्या कापडाची नळी जोडली. टेंभरे चालत परत आले. पत्रिकेत फोटो आला: मेजरसाहेब, टेंभरे, आणि खाली "कृत्रिम रक्तनळी धारण करणारा आमचा कामगार". ती नळी परदेशी आहे, असेही त्यात होते. मीच टाइप केले. कोणी सांगितले ते आठवत नाही.

तीन महिन्यांनी टेंभऱ्यांच्या जांघेत, जुन्या व्रणावर, मुगाएवढी पुळी आली. तिच्यातून पाण्यासारखा थेंब आला. भोंडेकरांनी पट्टी नाकाशी नेली. या वेळी डोळे मिटून ते नेहमीपेक्षा बराच वेळ थांबले. मग टेंभऱ्यांना म्हणाले, "पाहुणा रुसला."

"मंग औषध देजा न, डॉक्टरसाहेब."

"औषध रक्तातून जाते. कापडात रक्ताच्या शिरा नाहीत. जंतू त्या विणीत जाऊन बसले, त्यायले कोन हाकलन? शर्टाच्या कॉलरचा मळ तापाची गोळी खाऊन जाते का?"

तरी औषध सुरू केले. पुळी सुकायची, पुन्हा यायची. डॉक्टरांनी माझ्याकडून नागपूरच्या एका वाचनालयाला पत्र लिहवून घेतले. परदेशातून बोटीने येणारे एक वैद्यकीय मासिक त्यांनी मागवले, त्यातल्या आकृत्या पातळ कागदावर गिरवून घेतल्या आणि मासिक वेळेत परत केले. त्यानंतर सलग सहा रविवार ते सायकलने दुर्गला गेले. एकदा मीही मागे बसून गेलो. दुर्गला ते बाजारात गेले नाहीत, कचेरीच्या मागे शवागार होते तिथे गेले. मी बाहेर लिंबाखाली पुस्तक उघडून बसलो आणि एक पानही वाचले नाही. दीड तासाने ते हात पुसत आले.

"सापडली," म्हणाले.

"काय?"

"खिडकी. कमरेच्या हाडाले खालून एक खिडकी असते. समोरून जाडा पडदा लावलेला. जन्मभर कोनी उघडत नाही. त्या खिडकीतून नवी नस नेली, तं ते मांडीत आतल्या बाजूनं उतरते. जांघ लागतच नाही. सडकी जागा बाजूले राहाते."

नवी नस कुठून आणणार, असे मी विचारले. "त्याच्याच दुसऱ्या पायातून. घरचाच माणूस पाहिजे. पाहुणा नोको आता."

टेंभऱ्यांना त्यांनी हे खाटेवर बसून समजावले तेव्हा मी तिथे होतो. पातळ कागद चादरीवर पसरला होता. टेंभऱ्यांची बायको सायत्राबाई पदर दातात धरून उभी होती. टेंभऱ्यांनी कागद उलटा करून, सुलटा करून पाहिला, आणि पहिल्यांदाच त्या महिन्यात त्यांच्या चेहऱ्यावर धंद्याची कळा आली.

"म्हंजे बायपास टाकून राहिले तुमी. पहिले नवी लाइन बाजूनं चालू करायची, मंग जुनी दोन्हीकून बंद करून काढायची. हे तं आमी रोज करतो."

"रोज करता, तं मले सांग, चुकते कुठी?"

टेंभऱ्यांनी विचार केला. "नस म्हंजे त्याच्यात पडदे असन न? रक्त वापस नाही जावं म्हून?"

"हाये."

"तं ते उलटी बसवाजा. आमच्यात एक व्हॉल्व असते, एकाच बाजूनं वाहू देणारा. त्याच्यावर बाण असते. नवा पोट्टा बाण नाही पाहात अन् उलटा बसवून देते. सारी लाइन भरते, पन पुढं थेंब जात नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "आमाले हे शिकायले सहा वर्षं लागले," ते म्हणाले.

सायत्राबाईने एवढेच विचारले, "पाय राहीन का?"

"तसाच ठेवला तं पाय जाईन, अन् पायाबरोबर हा बी जाईन. नळी काढली अन् बायपास नाही टाकला तं पाय जाईन. दोन्ही केलं तं राहू शकते. शकते म्हनलं, बाई. राहीन नाही म्हनलं."

एवढे स्पष्ट उत्तर त्या बराकीत मी कधी ऐकले नव्हते.

मग एका सकाळी पट्टीवर तळहाताएवढा ताजा लाल डाग दिसला. रक्त आपोआप थांबले होते. वॉर्डात सगळ्यांनी सुस्कारा सोडला. डॉक्टर पट्टी हातात घेऊन उभे राहिले. "थांबलं म्हून खुश होऊन राहिले? कारखान्याचा भोंगा वाजून थांबला म्हंजे शिफ्ट संपली, का सुरू झाली? नळीचा जोड सुटून राहिला. आज तळहात आहे, उद्या बादली राहीन." आणि माझ्याकडे वळून: "उद्या सकाळी सात वाजता."

मेजरसाहेबांनी त्यांना बोलावले. मी टाइप करायला तिथे होतोच. त्या खोलीत मी टाइपरायटरचा भाग समजला जाई.

आठ दिवसांनी नव्या वॉर्डाचे उद्घाटन होते. प्रमुख पाहुणे राजधानीतून येणार होते आणि कार्यक्रमपत्रिकेत सहाव्या क्रमांकावर होते: "कृत्रिम रक्तनळी धारण केलेल्या कामगाराची भेट (चालून दाखवेल)." शिवाय मोठ्या सर्जनची तार आली होती: औषध चालू ठेवा, नळीला हात लावू नका, वेळ पडल्यास पाय काढा.

"आठ दिवस, डॉक्टर," मेजरसाहेब म्हणाले. "नंतर तुम्ही काय हवं ते करा. मी आडवा येणार नाही."

"नंतर मी काय करू? पाहुन्याले हार घालाले जाऊ?"

"ती नळी कंपनीने बसवून घेतली आहे. ती काढायला कंपनीची परवानगी लागेल."

"नळी कंपनीची. मांडी कोनाची?"

मेजरसाहेबांनी मला 'परवानगी नाकारण्यात येत आहे' असा कागद टाइप करायला सांगितला. मी केला. डॉक्टरांनी तो घेतला, घडी घातली, खिशात ठेवला आणि "ठीक" म्हणाले. 'ठीक' या शब्दात किती बंडखोरी मावते, ते मला त्या दिवशी कळले.

अडचण वेगळीच आली. ऑपरेशनच्या संमतीचा छापील कागद टेंभऱ्यांपुढे ठेवला तर ते सही करीनात. मला वाटले, घाबरले. ते म्हणाले, "याच्यात काय लिवलं हाये, बाबू?"

मी वाचून दाखवले: काही बरेवाईट झाल्यास डॉक्टर, दवाखाना व कंपनी जबाबदार राहणार नाहीत.

"म्हंजे कोनीच नाही," टेंभरे म्हणाले. "पंधरा वर्षं झाले, मी परमिटाशिवाय कोनती लाइन खोलली नाही. अन् माही लाइन बिना परमिटाची खोलून राहिले? हा कागद तुमाले वाचवते. परमिट मानसाले वाचवते."

इथे सांगायला हवे, की नळीकामावर एक नियम होता आणि भिलाईत तो देवाच्या नियमापेक्षा जास्त पाळला जाई. वाहती लाइन उघडायची तर आधी परमिट भरायचे: कोणती लाइन, आत काय, दाब किती, बंद कोण करणार, जबाबदार कोण, आणि काम झाल्यावर तपासून लाइन कोणी कोणाला परत दिली. जागेवर लाल पाटी टांगायची. पाटीवर ज्याचे नाव, त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कोणी काढली आणि वाफ सोडली, तर आतल्या माणसाचे काय होते, ते सगळ्यांनी एकदा तरी पाहिलेले होते.

मला वाटले, डॉक्टर हसतील. ते म्हणाले, "बरोबर बोलून राहिला. टाइपबाबू, साइटवरून एक फॉर्म आन."

मी आणला. रकाने वाचत गेलो.

"लाइन कोणती?"

"उजवी मांडी, मुख्य."

"आत काय?"

"रक्त."

"दाब?"

"एकशे तीस."

टेंभरे खाटेवर अर्धे उठले. "एकशे तीस? काय, किलो?"

"पाऱ्याचे मिलिमीटर."

"हात्!" टेंभरे परत आडवे झाले. "एवढ्याले तं हातानं दाबून धरते मानूस."

"तेच करनार हावो," डॉक्टर म्हणाले.

"लाइन कोणाच्या ताब्यात?" मी विचारले. साइटवर या रकान्यात कंपनीचे नाव येते. डॉक्टरांनी माझ्या हातून कागद घेतला आणि स्वतःच्या जाड अक्षरात लिहिले: दादूराम टेंभरे. जबाबदार इसम या रकान्यात लिहिले: बळीराम भोंडेकर. टेंभऱ्यांनी सही केली. शेवटचा रकाना, 'लाइन तपासून परत दिल्याची सही व वेळ', कोरा राहिला.

दुसऱ्या दिवशी सातला ऑपरेशनच्या खोलीच्या दारावर लाल पाटी लागली: "लाइन बंद आहे. माणूस कामावर आहे. भोंडेकर." व्हरांड्यात टेंभऱ्यांच्या टोळीतले सहा फिटर रक्त द्यायला बसले होते, बाह्या वर करून. गुंगीचे औषध देण्याआधी टेंभरे एवढेच म्हणाले, "बाण पाहाजा, साहेब."

डॉक्टरांनी मला दाराआड वही घेऊन बसवले होते. ते आतून ओरडत, मी वेळ टाकून लिही. ती वही माझ्याकडे आहे. पोट खालून उघडले. वरची धमनी मिळाली. डाव्या पायातली नस काढली, धुतली, उलटी केली. "बाण पाह्यला, लिव!" मी लिहिले. खिडकी मिळाली. पडदा फाडला. नस खाली उतरली. जांघेला अजून कोणी हात लावलेला नव्हता. तिच्यावर जाड पट्टी चिकटवून ती सोवळ्या बाईसारखी दूर ठेवलेली. फरक एवढाच, की इथे ओवळी तीच होती.

दहाच्या सुमारास मेजरसाहेब आले. त्यांच्या हातात मुख्य कचेरीची तार होती: ऑपरेशन थांबवा. ते तरातरा दारापाशी आले, हात पुढे केला, आणि पाटी दिसली.

व्हरांड्यातल्या सहा फिटरांपैकी कोणी उठले नाही. त्यातला एक, ज्याच्या दंडातून नुकतीच बाटली भरली होती, आडव्या आडव्याच म्हणाला, "साहेब, पाटी हाये."

बस. एवढेच. आवाज चढला नाही. मेजरसाहेबांनी ती पाटी वाचली. भिलाईत त्यांना चार वर्षे झाली होती. दोन पाट्या कोणी परस्पर काढल्या, तेव्हा पंचनाम्याला तेच गेले होते. त्यांचा हात कडीपासून अर्ध्या वितीवर थांबला, मग त्याच हाताने त्यांनी टोपी नीट केली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "काम संपलं की डॉक्टरांना ही तार द्या." माणूस वाईट नव्हता. त्याला थांबायला फक्त कधीकधी बंद दार लागत असे.

दीड वाजता आतून आवाज आला, "वरचा चिमटा सोडला. लिव. खालचा सोडला. पाय पाहून राहिलो." मग बराच वेळ काही नाही. माझी पेन्सिल कागदावर टेकलेली, तिथे एक काळा ठिपका पडत गेला. तो ठिपका वहीत अजून आहे. मग: "घोट्यापाशी ठोका आहे. लिव बे, काय झोपला का?"

त्यानंतर त्यांनी पोट आणि मांडी शिवून झाकली, हातमोजे बदलले, पुन्हा दहा मिनिटे हात धुतले, आणि मग जांघ उघडली. नळी पुवात ओल्या वातीसारखी मोकळी पडली होती. शरीराने तिला एका धाग्यानेही धरले नव्हते. वरचा जोड अर्धा सुटलेला. डॉक्टरांनी दोन्ही टोके निरोगी जागी बांधली, नळी उचलली, सडके सगळे खरवडले आणि ती जखम शिवली नाही. उघडी ठेवली. "घाणीवर टाका नाही घालायचा. ते खालून भरत येते."

संध्याकाळी ते खाटेच्या पायथ्याशी स्टूल घेऊन बसले, टेंभऱ्यांच्या पावलावर तळहात ठेवून. सायत्राबाई आली तेव्हा त्यांनी हात उचलून तिचा हात तिथे ठेवला. "ऊन आहे," ती म्हणाली, आणि तिथेच खाली बसली.

नळी त्यांनी भिंगातून पाहिली. चिठ्ठी अशी: "टेरिलीन, शर्टाचे. शिलाई मशीनची. टाके सुंदर. मुक्काम सात महिने." परदेशी काही नव्हते. मी विचारले, म्हणजे मोठ्या सर्जननी फसवले का? ते चिडले. "फसवलं कोनं? त्या मानसानं चांगलं काम केलं. बाजारात मिळत नाही म्हून स्वतः शिवलं असन. त्या जांघेत जुने जंतू निजले होते, त्याले कुठून दिसन? चूक नळी घालन्यात नाही रे. चूक, काढायची वेळ आली तवा तिचा फोटो पाहात बसन्यात हाये."

मेजरसाहेबांनी खुलासा मागवणारा मेमो काढला. मी टाइप केला. डॉक्टरांचे उत्तरही मीच टाइप केले. त्यात एक ओळ होती: "परमिटाची प्रत सोबत जोडली आहे." आठ दिवसांनी प्रमुख पाहुणे आले. टेंभरे उघड्या जांघेने खाटेवर होते, दाखवण्यासारखे नव्हते. कार्यक्रमपत्रिकेतल्या सहाव्या क्रमांकावर ऐनवेळी पाहुण्यांना नवा संडास दाखवण्यात आला. त्यांनी साखळी ओढून पाहिली आणि समाधान व्यक्त केले.

जखम भरायला नऊ आठवडे लागले. टेंभरे कामावर गेले. उंचीवर नाही, जमिनीवर. पण परमिट बंद होईना. टेंभरे दर महिन्याला येऊन म्हणत, "साहेब, सही करा न, लाइन चालून राहिली." डॉक्टर पट्टीची जागा हुंगत, घोट्यावर बोटे ठेवत आणि म्हणत, "तपासणी बाकी आहे. पाहुणा गेला, पन भावकी कुठी लपली असन, काय सांगता येते?" लाल पाटी डॉक्टरांनी स्वतः नेऊन टेंभऱ्यांच्या क्वार्टरच्या दारावर टांगली होती, ती तिथे लटकत राहिली. शेजाऱ्यांना वाटे, आत कोणाला देवी आल्या आहेत.

तीन वर्षांनी कंपनीने डॉक्टरांची मुदत वाढवली नाही. कारण दिले नाही. मीच टाइप केले, त्यामुळे सांगतो, कारणाची जागा कोरी होती. ते गावाकडे दवाखाना काढायला निघाले. दुर्ग स्टेशनवर मी पोचवायला गेलो. एक ट्रंक, आणि भुशात बांधलेली बरण्यांची पेटी. हमालाने पेटीत काय आहे विचारले. "पाहुणे," ते म्हणाले. हमालाने दर वाढवला.

फलाटावर टेंभरे आले. हातात लाल पाटी, खिळ्यासकट; दारातून खिळा उपटला होता, पाटी काढली नव्हती. मागे सायत्राबाई.

"साहेब, तुमी चालले, अन् परमिट खुलं. मी कोनाकडून बंद करू?"

डॉक्टरांनी ट्रंक खाली ठेवली. "चाल," म्हणाले. "शेवटच्या खांबापर्यंत जाय अन् वापस ये. थांबायचं नाही."

टेंभरे चालू लागले. टोपल्या, झोपलेली माणसे, चहाची गाडी, सगळे वळसे घेत. डॉक्टर त्यांच्या चालीकडे पाहत होते, तोंडाने काही मोजत. टेंभरे खांबाला हात लावून परतले, थांबले नाहीत, धाप लागली नाही. डॉक्टर त्या गर्दीत गुडघ्यावर बसले, टेंभऱ्यांची चप्पल काढली आणि दोन जाड बोटे घोट्यामागे ठेवली. जाणारे-येणारे पाहून बाजूने जात होते. कोणाला वाटले असेल, पाया पडत आहेत. बराच वेळ ते तसेच राहिले. मग उठले, पाटी खिळ्यावरून काढली, मोडली आणि ट्रंकेत टाकली.

"आन कागद."

मी फाइल घेऊनच आलो होतो. शेवटच्या रकान्यात त्यांनी सही केली. टेंभऱ्यांनी खाली केली. टेंभरे काही बोलायला गेले, तर डॉक्टर म्हणाले, "लाइन तुह्या ताब्यात हाये आता. मले नोको सांगू."

गाडी आली, गेली. खिडकीतून हात वगैरे हलवला नाही. दोन्ही हातांनी बरण्यांची पेटी मांडीवर धरली होती. पुन्हा मी त्यांना पाहिले नाही.

ते परमिट माझ्याजवळ आहे. नियमाने आठ तास चालणारे परमिट तीन वर्षे उघडे राहिले आणि रीतसर बंद झाले, याचा भिलाईत दुसरा दाखला नसावा. वेळेच्या रकान्यात डॉक्टरांनी स्टेशनच्या घड्याळात पाहून सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे लिहिले आहे. ते घड्याळ आदल्या आठवड्यापासून बंद होते.